न बोलणारं गिऱ्हाईक

गुरुवारी ट्रक येणार होता, आणि सिविल लाइंसमधल्या सरकारी क्वार्टरचं सामान महाराजपूरच्या दोन खोल्यांत मावणार नाही, हे श्यामसुंदर पिंपळखुट्यांनी कागदावर मोजून दाखवलं. एकतीस वर्षं सिंचाई विभागात ड्राफ्ट्समन म्हणून काढून नुकताच निवृत्त झालेला माणूस. त्यांनी नव्या घराचा नकाशा काढला, प्रत्येक वस्तूचा मापात चौकोन कापला आणि नकाशावर मांडला. जेवणाचं टेबल ठेवलं की दार उघडत नव्हतं. मोठा पलंग ठेवला की माणसाला उभं राहायला जागा उरत नव्हती.

"म्हणजे एक तर पलंग जाईल, नाही तर मी," कुंदाताई म्हणाल्या.

"पलंगच जाईल," नकाशातून मान वर न करता श्यामसुंदर म्हणाले. "तुझा चौकोन मी कापलाच नाही."

घमापूरचा एक कबाडी, म्हणजे भंगारवाला, येऊन सगळ्या नको असलेल्या सामानाचे मिळून बाराशे सांगून गेला होता. श्यामसुंदर लगेच तयार होते. कुंदाताईंना मात्र तो आकडा जिव्हारी लागला. पैशांपेक्षा अपमान मोठा होता. कारण जबलपुरातल्या मराठी घरांत घासाघीस म्हटलं की कुंदाताईंचंच नाव निघत असे. नागपूरचे नातेवाईक लग्नाचा बस्ता बांधायला मुद्दाम जबलपुरात येत, ते त्यांच्या भरवशावर. गंजीपुऱ्यातला साडीवाला त्यांना बघून गादीवरून उठत असे, ते आदराने की पळायला, हे नक्की कोणाला सांगता आलं नसतं. निम्म्यापासून सुरू करायचं, माल उलटासुलटा करून त्यातली खोट काढायची, शेवटी पदर खोचून उठायचं आणि दुकानाच्या पायरीवर पोचल्यावर मागून "बहनजी, सुनिए तो" असं ऐकू आलं की हळूच वळायचं. या पद्धतीत चाळीस वर्षांत खंड पडला नव्हता.

"पण ते सगळं घेताना," श्यामसुंदर म्हणाले. "इथे विकायचं आहे."

"एकच गोष्ट आहे. फक्त इकडच्या बाजूनं बसायचं," कुंदाताई म्हणाल्या. "तुम्ही चिठ्ठ्या लिहा."

श्यामसुंदरांनी चिठ्ठ्या लिहिल्या. धरणाच्या नकाशावर लिहावीत तशा सरळ, सुबक अक्षरांत. गिऱ्हाईक निम्म्यावर आणणारच, म्हणून कुंदाताईंनी प्रत्येक वस्तूची किंमत दुप्पट लावली. पलंग साडेतीनशे, तांब्याचा बंब सहाशे, जाळीचं कपाट चारशे. फाटकावर पुठ्ठा लागला, 'घर का सामान बेचना है, रविवार सुबह आठ बजे से.' शनिवारी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला गिऱ्हाईक करून तालीमही घेतली.

"हे कपाट केवढ्याचं?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"चारशे."

"बरं. द्या."

"अहो, असं कोणी करतं का?"

"मला कपाट पसंत पडलं."

"उद्या तुम्ही आतच बसा," कुंदाताई म्हणाल्या.

रविवारी आठच्या ठोक्याला पहिलं गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा, काटक बांध्याचा माणूस. पांढरं धोतर, पांढरी बंडी, केस ओले, कपाळावर चंदन. फाटकातून आत येऊन त्याने हात जोडले आणि सरळ जाळीच्या कपाटापाशी जाऊन उभा राहिला.

ते कपाट श्यामसुंदरांच्या आईचं. सागवानाचं, तीन बाजूंनी बारीक तारेची जाळी. त्याचे चार पाय पाण्याच्या चार वाट्यांत उभे असायचे, म्हणजे मुंगी वर चढत नसे. दोन पिढ्यांचं दूध, दही आणि लपवून ठेवलेला चिवडा त्याने सांभाळला होता. त्या माणसाने दार उघडलं, लावलं, जाळी अंगठ्याने दाबून पाहिली. मग चिठ्ठी वाचली आणि कुंदाताईंकडे पाहिलं.

"अस्सल सागवान आहे," कुंदाताई म्हणाल्या. मग कपाळावरचं चंदन पाहून त्यांनी हिंदीतही सांगितलं, "असली सागौन है, भैया. चार सौ तो कुछ भी नहीं."

माणूस काही बोलला नाही.

आता याने "दोनशे" म्हणायला हवं होतं. कुंदाताईंच्या ओठांवर "दोनशे? जाळीच दोनशेची आहे" हे वाक्य येऊन थांबलं होतं. पण समोरून दोनशे येईना. तो नुसता शांत, प्रसन्न चेहऱ्याने बघत होता. कुंदाताईंना ते वाक्य गिळावं लागलं.

"चलो, पावणेचारशे," त्या म्हणाल्या. "रविवारची बोहनी आहे."

माणसाने भुवया वर केल्या. कुंदाताईंनी आजवर अनेक दुकानदारांसमोर अशाच भुवया वर केल्या होत्या. त्याचा अर्थ त्यांना चांगला माहीत होता.

"साडेतीनशे!"

माणूस उजेडाकडे वळून बंडीच्या खिशात काहीतरी चाचपू लागला. त्याचं तोंड फाटकाकडे झालं. निघाला, कुंदाताईंच्या मनात आलं. पायरीवर पोचायच्या आत याला थांबवायला हवं.

"अहो भैया, सुनिए तो! तीनशे!"

माणूस चटकन वळला. त्याने मान हलवली, पण ती उभी की आडवी हे कळेना. मग त्याने हात जोडले. कोपरापासून हात जोडणं म्हणजे 'माफ करा, परवडत नाही'. ही खेळी कुंदाताई स्वतः फक्त लग्नाच्या शालूसाठी राखून ठेवत.

"अडीचशे. माझ्या सासूबाईंचं आहे हो ते."

माणसाने दोन्ही तळहात पुढे करून जोरजोराने हलवले.

"दोनशे! याच्या खाली नाही."

तळहात आणखी जोराने हलले.

"दीडशे," कुंदाताई म्हणाल्या आणि त्यांच्या कपाळावर जानेवारीच्या थंडीत घाम आला.

आता त्या माणसाने घाईघाईने खिशातून नोटांची गुंडाळी काढून त्यांच्यासमोर धरली. भरपूर पैसे आहेत, पण देणार नाही, हे दाखवायची ही रीत कुंदाताईंनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी त्यातल्या शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि पन्नास रुपये प्रामाणिकपणे परत त्याच्या हातावर ठेवले. माणूस बराच वेळ त्या पन्नासकडे बघत राहिला. मग त्याने खांदे पाडले, कपाट बाहेर उभ्या केलेल्या हातठेल्यावर चढवलं आणि ठेला ढकलत निघून गेला. अर्ध्या तासात त्याच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं.

शेजारच्या क्वार्टरमधल्या इंदूताई तारेच्या कुंपणाला टेकून हे सगळं बघत होत्या. त्या मूळच्या अमरावतीच्या. कुंदाताईंशी त्यांची सतरा वर्षांची मैत्री होती.

"पक्का मानूस दिसते, बाप्पा," इंदूताई म्हणाल्या. "न बोलता अडीचशे उतरवले. तुम्ही काहून एकटीच बोलून राहिल्या होत्या, कुंदाताई?"

"समोरचा बोलतच नाही तर काय करू? कोणाशी भाव करणार?"

"खरं आहे," इंदूताई म्हणाल्या आणि विचार करत घरात गेल्या.

तासाभराने त्याच इंदूताई फाटकातून आत आल्या आणि तांब्याच्या बंबासमोर उभ्या राहिल्या. हा बंब त्यांना कित्येक वर्षांपासून हवा होता.

"ये ना, इंदू. घे ना बंब. तुला म्हणून साडेपाचशे."

इंदूताईंनी बंबाकडे पाहिलं, कुंदाताईंकडे पाहिलं आणि गळ्याला हात लावला.

"काय झालं? घसा बसला का? आत्ता तर बोलत होतीस."

इंदूताईंनी मोठ्या खेदाने मान हलवली.

यात काय शिजतंय हे कुंदाताईंना स्पष्ट दिसत होतं. एखाद्या दुकानदाराने त्यांच्याशी हे केलं असतं तर त्यांनी त्याला फैलावर घेतलं असतं. पण समोर कोणी गप्प उभं असलं की मध्ये एक पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीत पडलेला पहिला आकडा आपलाच असतो, हे त्यांना सकाळपासून कळलं होतं. कळूनही उपयोग होत नव्हता. पाच मिनिटांत त्या पाचशे, चारशे आणि तीनशे म्हणून गेल्या. इंदूताईंनी पदराने डोळे टिपले तेव्हा अडीचशे झाले.

बंब फाटकाबाहेर पडताच इंदूताईंचा घसा सुटला. "ए, नीट धर! कानाले धरून उचल, टोटी वाकून जाईल!" त्यांचा आवाज क्वार्टरांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

त्या आवाजाबरोबर बातमीही पोचली असावी. कारण त्यानंतर पिंपळखुट्यांच्या व्हरांड्यात जे जे आलं ते मुकं आलं. पुष्पा नावाची कॉलेजातली एक पोरगी आली, तिने लिहायच्या टेबलाजवळ उभं राहून इतका वेळ छताकडे पाहिलं की कुंदाताईंनी टेबलाबरोबर दिवाही देऊन टाकला. एक जोडपं आलं. नवरा काही बोलायला गेला तशी बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. चार खुर्च्या गेल्या. आराम करायला म्हणून सहज डोकावलेले एक पेन्शनर, त्यांना काहीच घ्यायचं नव्हतं, नुसते बसून राहिले आणि जाताना त्यांच्या हातात पितळी पानाचा डबा होता, तोही फुकट.

दुपारी श्यामसुंदर आतून बाहेर आले.

"यावर एकच उपाय आहे," ते म्हणाले. "आपणही बोलायचं नाही. तू स्वयंपाकघरात जा. मी बसतो."

कुंदाताईंना हे पटलं. तेवढ्यात निवृत्त पोस्टमन बळीराम फाटकातून आले. त्यांची नजर शिवणाच्या मशिनवर होती. चिठ्ठीवर तीनशे होते. ते मशिनपाशी गप्प उभे राहिले. श्यामसुंदर खुर्चीत बसले आणि गप्प राहिले.

पाच मिनिटं गेली. बळीरामांनी मशिनचं चाक फिरवलं. श्यामसुंदरांनी चष्मा पुसला. दहा मिनिटं गेली. श्यामसुंदरांनी बळीरामांना खुर्ची पुढे केली, बळीराम बसले. दोघांनाही आयुष्यात इतकं निवांत बसायला मिळालं नव्हतं. समोरच्या कडुनिंबावर एक खार चढली, ती दोघांनी मिळून पाहिली. बळीरामांनी तंबाखूची डबी पुढे केली. श्यामसुंदरांनी चिमूट घेतली.

स्वयंपाकघराच्या दाराआड कुंदाताई उभ्या होत्या. वीस मिनिटं झाली. बाहेर एक शब्द नाही. भाव चालू आहे की मोडला, गिऱ्हाईक आहे की गेलं, काही कळायला मार्ग नाही. त्यांनी डाळीचं पातेलं उगाच खाली उतरवलं, पुन्हा चढवलं. पंचविसाव्या मिनिटाला त्यांचा धीर सुटला.

"अहो, साठला देऊन टाका!" त्या आतून ओरडल्या.

बळीराम तत्काळ उठले. त्यांनी साठ रुपये मोजून श्यामसुंदरांच्या हातावर ठेवले आणि मशिन डोक्यावर घेतलं. जाताना त्यांनी श्यामसुंदरांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. इतकी चांगली सोबत त्यांना फार दिवसांनी मिळाली होती.

संध्याकाळी कुंदाताईंनी पैसे मोजले. पलंग सोडून सगळं विकलं गेलं होतं आणि एकूण आठशे नव्वद झाले होते. श्यामसुंदरांनी कबाड्याच्या बाराशेचा विषय काढला नाही. जेवताना ते भाजी चांगली झाली म्हणाले, आणि कुंदाताईंना त्याचा इतका राग आला की त्या अर्ध्या पानावरून उठल्या. पण खरा राग त्या धोतरवाल्याचा होता. त्याने सुरुवात केली. चाळीस वर्षांचं नाव त्याने न बोलता धुळीला मिळवलं. असा तयारीचा माणूस या गावात होता आणि आपल्याला पत्ता नव्हता! रात्री कूस बदलताना त्यांना त्याच्याबद्दल थोडा आदरही वाटला, आणि त्याने त्यांची झोप अधिकच उडाली.

सोमवारी सकाळी दहाला फाटक वाजलं. तोच माणूस. तेच धोतर.

"नमस्कार, बाई," तो म्हणाला. "मी तुळशीराम. काल जाळीचं कपाट नेलं, थो मीच."

कुंदाताई बघतच राहिल्या. माणूस बोलत होता. आणि मराठी बोलत होता.

"तुम्हाला बोलता येतं?"

"येते ना, जी. काल मौनी अवस होती. ग्वारीघाटावर डुबकी मारली का दिवसभर तोंड उघडाचं नाही, असं व्रत हाय माहं. बावीस वर्सं झाली."

कुंदाताईंचं कॅलेंडर शुक्रवारीच पेटीत बांधलं गेलं होतं. काल कोणती तिथी होती, हे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"मग काल कशाला आलात?"

"माह्या घरवालीनं शनवारीच तुमची पाटी पाहिली. घाटावर आपलं नारळ-फुलाचं दुकान हाय. परसादाले मुंग्या लागतात, खोबरं बंदर पळवतात. जाळीचं कपाट पाह्यजेच होतं. सोमवारपर्यंत थांबलो असतो तं दुसऱ्यानं नेलं असतं." तुळशीरामने बंडीच्या खिशात हात घातला. "चिठ्ठीवर चारशे होते, मी मोजून चारशेच घेऊन आलतो. मी पैसे काढाले गेलो का तुमी भाव उतरवत होत्या. हात जोडले, थांबा म्हनून. तं अजून उतरवला. दोन्ही हातानं नाही नाही केलं, तं दीडशे! रातभर झोप नाही लागली, बाई. नर्मदामैयाच्या व्रताआडून लोकाले ठगवलं म्हनतील. हे घ्या बाकीचे अडीचशे."

त्याने नोटा पुढे केल्या. मागे व्हरांड्यात श्यामसुंदर येऊन उभे राहिले होते. त्यांनी नोटा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

कुंदाताईंचा उजळला नाही. काल रात्रभर त्यांना वाटत होतं की आपण एका उस्तादाकडून हरलो. आता कळलं की समोर कोणी उस्ताद नव्हताच. समोर एक साधा भाविक माणूस होता, खिशात पूर्ण पैसे होते, आणि अडीचशे रुपये त्यांनी एकटीने, कोणाच्याही मदतीशिवाय घालवले होते. हे पैसे आता घेणं म्हणजे ते कबूल करणं. इंदू कुंपणाला टेकलेली होतीच.

"अडीचशे कशाचे?" कुंदाताई म्हणाल्या. "सौदा दीडशेला झाला. मी विचार करूनच दिलं."

"नाही जी. माल चारशेचा हाय."

"चारशे? त्या कपाटाचे?" कुंदाताईंचा आवाज बदलला. श्यामसुंदरांनी तो आवाज ओळखला आणि डोळे मिटले. "मागची जाळी पाहिली का तुम्ही? गंजली आहे. दाराची कडी ढिली आहे. डावा पाय अर्ध्या बोटाने आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा लागतो."

"सागवान हाय, बाई! आजकाल मिळते का असं सागवान?" तुळशीराम कळवळून म्हणाला. "चला, तुमचं नाही, माहं नाही. साडेतीनशे धरा."

"एकशे साठ."

"बाई, माह्यावर पाप चढवू नका. तीनशे."

"आतल्या फळीला वाळवी लागून गेलेली आहे. तुम्ही हात घातला नाही म्हणून कळलं नाही. एकशे साठसुद्धा जास्तच होतात."

"दोनशे ऐंशी! याच्या खाली माह्याच्यानं उतरनं होत नाही."

"मग राहू द्या," कुंदाताई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, पाठ फिरवली आणि दाराकडे चालू लागल्या. चार पावलं. उंबरठा. त्यांनी उंबरठ्यावर पाय ठेवला.

"बाई! ऐका तं!"

कुंदाताई हळूच वळल्या. कालपासून छातीवर ठेवलेला दगड त्या हाकेने उतरला.

"बोला शेवटचं," तुळशीराम म्हणाला. त्याचे खांदे पडले होते.

"पावणेदोनशे. तुम्ही भल्या मनाने आलात म्हणून. वरचे पंचवीस द्या आणि विषय संपवा."

तुळशीरामने कपाळाला हात लावला. मग पंचवीस रुपये मोजून दिले. "बावीस वर्सं घाटावर धंदा करून राहिलो," तो म्हणाला, "पन तुमच्यासारखी घासाघीस करनारी बाई नाही पाहिली."

कुंपणापलीकडून इंदूताई मोठ्याने म्हणाल्या, "वा, कुंदाताई!"

कुंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चेहरा फुलला होता, श्वास जोरात चालला होता. "चारशे म्हणत होता. कुठे आणला, बघितलंत?"

"बघितलं," श्यामसुंदर म्हणाले. ते अजून तुळशीरामच्या खिशाकडे बघत होते. परत गेलेले सव्वादोनशे तिथे होते.

तुळशीराम निघाला, पण फाटकाजवळ थांबला. व्हरांड्याच्या कोपऱ्यात पलंग उभा करून ठेवला होता.

"हा पलंग बी देऊन राहिले का? केवढ्याले?"

"साडेतीनशे," कुंदाताई म्हणाल्या.

"आज बोलाले मनाई नाही, तं आज मीबी भाव करतो," तुळशीराम म्हणाला. "दोनशे."

श्यामसुंदर पुढे झाले. दोनशे चांगले होते. कबाड्याने पलंगाचे ऐंशी धरले होते. "द्या" असा शब्द त्यांच्या तोंडात तयारही झाला.

पण कुंदाताई अजून रंगात होत्या.

"दोनशे? या पलंगाचे?" त्या कडाडल्या. "दीडशे! त्याच्यावर एक पैसा मिळायचा नाही!"

तुळशीरामने कुंदाताईंकडे पाहिलं, मग श्यामसुंदरांकडे पाहिलं. या वेळी त्याने वाद घातला नाही. तो मुकाट्याने ठेला आणायला गेला.